सूक्ष्म कारक, विकसनशील

बालवर्गाचं प्रगतिपत्रक घरी आलं तेव्हा आबांनी आधी त्यातल्या चुका काढल्या आणि मग ते वाचलं. 'मुख्याध्यापीका'मधली पी ऱ्हस्व केली, 'स्वाक्षरि'ची रि दीर्घ केली, एका अनाथ अनुस्वाराला त्याच्या हक्काच्या अक्षरावर नेऊन बसवलं, आणि लाल पेन्सिल कानावर ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हा कागद आपल्या नातीबद्दल आहे.

आबा एका छापखान्यात एकतीस वर्षं कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळी जुळवायच्या. पुढे यंत्रं आली, खिळे भंगारात गेले, आणि मालकांनी आबांना भंगारात न घालता मुद्रितं तपासायला बसवलं. आता निवृत्त झाल्यावर ते इमारतीतल्या सूचना तपासत. 'लिफ्ट बंध आहे' अशी पाटी लागली की लिफ्टपेक्षा आधी आबा तिथे पोहोचत. त्यामुळे लोक त्यांना पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत. हे आबांना ठाऊक होतं. त्यांची तक्रार एवढीच होती, की लोक तो शब्द जोडून म्हणतात की तोडून, हे कानांना कळत नाही.

तर प्रगतिपत्रक. त्यात लिहिलं होतं : 'स्थूल कारक कौशल्ये – उत्तम. सूक्ष्म कारक कौशल्ये – विकसनशील.'

स्थूलचं काय ते आबांना कळलं नाही, कारण भिंगरी ही काडीसारखी पोर होती. घरभर सदोदित गिरक्या घेत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण 'कारक' या शब्दावर आबांची नजर खिळली. कर्ता, कर्म, करण, अपादान! साडेतीन वर्षांच्या मुलांना व्याकरणातली कारकं शिकवणारी शाळा जगात अजून शिल्लक आहे, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. आणि आपल्या, म्हणजे कानामात्रांच्या नातीला त्याच विषयात 'विकसनशील' मिळालंय, या विचाराने तोच ऊर तिथल्या तिथे रिकामा झाला.

तरीही प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण लिफ्टमध्ये दातवाले भेटले.

दातवाले म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त दंतवैद्य. त्यांचा नातू भिंगरीच्याच वर्गात होता आणि त्याचे दात मोत्यासारखे आहेत म्हणून त्यांनी त्याचं नाव मोती पाडलं होतं. लिफ्टचं दार उघडं धरून दातवाले उभे होते आणि आत मोती स्वतःच्या शर्टाची बटणं लावत होता. खालच्या मजल्यांवर लोक लिफ्टचं बटण दाबत होते, वर मोती शर्टाचं बटण दाबत होता.

"घाई नाही," दातवाले म्हणाले. "स्वतःचं स्वतः करतो तो. काय हो, तुमच्या भिंगरीचं आलं का पत्रक? मोतीला सूक्ष्म कारकात अत्युत्तम आहे. बाईंनी शेजारी ताराही काढलाय. सोनेरी."

मत्सर हा शब्द आबांनी हयातीत शेकडो वेळा जुळवला होता. अंगाला लावून कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी तो मापात बसला. मोतीला अत्युत्तम! ज्या मोतीला 'पाणी' म्हणताना आधी बोट दाखवावं लागतं, त्याला कारकं येतात?

त्याच दुपारी शिकवणी सुरू झाली.

"भिंगरे, नीट ऐक. 'मांजराने दूध प्यायलं.' यात कर्ता कोण?"

"मांजर कुठाय?"

"इथे नाहीये. वाक्यात आहे."

भिंगरीने टेबलाखाली वाकून पाहिलं. "वाक्य कुठाय?"

आठ दिवस हे चाललं. कर्ता काही सापडला नाही, पण विभक्ती सुटल्या. 'चेंडूस, चेंडूला, चेंडूते' हे म्हणताना त्यातला 'ते' भिंगरीला इतका आवडला, की ती 'दूधते नको', 'चप्पलते दे', 'आजीते झोप आली' असं घरभर बोलत सुटली.

"बाबा, ही असं का बोलायला लागलीय?" सूनबाईंनी घाबरून विचारलं.

"द्वितीया आहे ती," आबा म्हणाले. "आठवड्याभरात तृतीयेवर येईल."

सूनबाईंनी भिंगरीच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मग पालकसभा आली. सून आणि मुलगा दोघंही कामावर, त्यामुळे आबा गेले. चिमुकल्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. बाईंनी भिंगरीचं नाव घेताच आबा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कारकांची काळजी नसावी. चतुर्थीपर्यंत तयारी झालेली आहे."

बाईंना काही उमजेना. उमजलं तेव्हा त्यांनी ओठ दाताखाली धरला. "आजोबा, कारक म्हणजे इथे हालचाल. स्थूल कारक म्हणजे पळणं, उड्या मारणं. सूक्ष्म कारक म्हणजे बोटांची बारीक कामं. मणी ओवायचे, बटण लावायचं, कात्रीने कापायचं."

"मग तसं छापा ना!" आबा म्हणाले. पण तोवर दातवाले हसायला लागले होते. हसताना त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसत, आणि ते सगळे अस्सल होते, हे आणखी एक.

सभेच्या शेवटी मोठ्या बाई आल्या. या शाळेच्या प्रमुख. उंची बेताची, आवाज मैदानभर पुरणारा. शाळेने मुलांसाठी नवी खेळखोली बांधली होती आणि तिचं उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं. "पण फीत कापायला या वेळी आम्ही कुणी पाहुणा बोलावणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलंच कापतील. वर्गात सगळ्यांना रेघेवरून कागद कापायला देऊ. ज्याची कात्री सगळ्यात सरळ चालेल, तो मुलगा किंवा मुलगी फीत कापेल."

दातवाल्यांनी मांडीवर बसलेल्या मोतीकडे पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. माणसाने निदान बोलावं, म्हणजे त्यातली चूक तरी काढता येते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. बोटं हा आबांचा हळवा विषय होता. मिनिटाला किती खिळे उचलतात हे पाहायला एके काळी दुसऱ्या छापखान्यातली माणसं येत. अनुस्वाराचा खिळा, जो शिंकेनेही उडून जायचा, तो आबा न बघता दोन बोटांत धरत. आणि त्या बोटांच्या वंशात विकसनशील? एका दात उपटणाऱ्या माणसापुढे? दात काय, चिमट्यात धरून ओढला की येतो. शिवाय इमारतीच्या बागेची फीत दातवाल्यांनी कापली होती. नव्या जिन्याचीही त्यांनीच. आबांच्या वाट्याला दोन्ही वेळा निमंत्रणपत्रिकेचं मुद्रित आलं होतं.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "फीत भिंगरी कापणार."

"अहो, पोर साडेतीन वर्षांची आहे," आजी म्हणाल्या.

"मोती काय तीस वर्षांचा आहे?"

कामाला सुरुवात सल्ल्यांनी झाली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त व्यायामशिक्षक राहत. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असे, म्हणून त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. त्यांचं म्हणणं, बोटांची ताकद खांद्यातून येते. आधी पोरीला लोंबकळू द्या. भिंगरी खिडकीच्या गजाला लोंबकळली, तिला ते फार आवडलं, आणि मग तिला खाली उतरवायला शिट्टीमास्तरांनाच बोलवावं लागलं. आजी म्हणाल्या, कणीक मळायला द्या. भिंगरीने कणकेचे साठ किडे केले, प्रत्येकाला नाव दिलं आणि त्यांना भाजायला नेऊ लागताच असा आकांत केला, की त्या दिवशी घरात कुणी पोळी खाल्ली नाही. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचा अभ्यास बाल्कनीत ठेवला. तो खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांच्या इस्त्री केलेल्या कपड्यांवर उतरला.

मणी ओवण्यासाठी आबांनी आजींची जुनी माळ सोडली. हे आजींना माळ सोडल्यावर सांगितलं. भिंगरीने अकरा मणी ओवले आणि बारावा नाकात घातला.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. शिंकून पाहिलं, फुंकून पाहिलं. शेवटी समोरच्या दारावर टकटक करावीच लागली. दातवाल्यांनी चष्मा लावला, एक बारीक वाकडा चिमटा काढला, भिंगरीला विचारलं, "छतावर बघ बरं, पाल आहे का?" आणि ती वर बघेपर्यंत मणी त्यांच्या तळहातावर होता.

"याला म्हणतात सूक्ष्म कारक," दातवाले नम्रपणे म्हणाले.

त्या नम्रपणाने आबा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण चव घेतली नाही.

मग बटणं. आबांनी आपला जुना कोट शिंपीदादांकडे नेला आणि त्यावर पुढे, मागे, बाह्यांवर, सापडेल तिथे मिळून चाळीस बटणं आणि काजं करून आणली. शिंपीदादांनी कपड्यांवरच्या पाण्याचा विषय काढला नाही. फक्त विचारलं, "काका, हा घालून जाणार कुठे?"

"कुठेही नाही. मी फक्त बसणार."

आबा कोट घालून खुर्चीत बसले, भिंगरी कामाला लागली. पेपर वाचता वाचता आबांचा डोळा लागला. जाग आली ती दारावरच्या घंटेने. उठायला गेले तर खुर्चीही उठली. पोरीने कोटाची मागची बटणं खुर्चीच्या वेताच्या जाळीतून ओढून पलीकडच्या काजांत घातली होती. डावी बाही उजव्या बाहीला जोडली होती. आणि उरलेली चार बटणं टेबलक्लॉथच्या कडेच्या फासांत अडकवली होती. दारात दातवाले उभे होते. हातात पेपर होता आणि त्यातली एक छपाईची चूक ते मोठ्या कौतुकाने दाखवायला आले होते.

खुर्ची, टेबलक्लॉथ आणि आबा हे तिघं एकत्र दारापर्यंत आले.

"चालू आहे वाटतं अभ्यास?" दातवाले म्हणाले.

चाळीसपैकी एकोणचाळीस बटणं त्या पोरीने एकटीने लावली होती, हे त्या गडबडीत कुणी मोजलंच नाही. सगळे सोडवण्यात गुंतले होते.

खरी अडचण होती ती कात्रीची. आबा रोज दुपारी भिंगरीच्या समोर बसत. "माझ्याकडे बघ. मी करतो तस्सं कर." भिंगरी अगदी तस्सं करी. अंगठा बरोबर, दोन बोटं बरोबर, जीभ बाहेर, तीही आबांच्यासारखीच. आबा ज्या बाजूच्या हाताने कात्री धरत, त्याच बाजूच्या हाताने तीही धरी. आणि तरी कागद कापला जात नसे. पात्यांच्या मधे दुमडायचा, चावल्यासारखा व्हायचा.

"कात्री बोथट आहे," आबांनी निकाल दिला आणि ती दुकानात परत नेली. दुकानदाराने त्यांच्या देखत कागदाची पट्टी सरसर कापून दाखवली. आबांनी दुसरी कात्री घेतली. मग तिसरी. चौथ्या वेळी दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं आणि तो जेवायला निघून गेला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

वर्गातल्या चाचणीचा दिवस आला आणि गेला. मोतीची पट्टी रेघेवरून अशी सरळ कापलेली, की फळ्यावर लावली. भिंगरीची पट्टी तिच्या दप्तरात चुरगळलेली सापडली. फीत मोती कापणार.

आबांनी ती चुरगळलेली पट्टी तळहाताने सपाट केली. मग त्यांनी शाळेला अर्ज लिहिला. निवडीत पक्षपात झाला आहे. सदर विद्यार्थ्याच्या आजोबांनी मागील वर्षी शाळेस दात घासण्याचे ब्रश भेट दिले होते, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. अर्जात एकही चूक नव्हती. शुद्धलेखनाची म्हणायचं आहे.

शाळेच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला. "हा छापील नमुन्यात हवा. तक्रारदाराच्या रकान्यात आई किंवा वडील."

"मी तिच्या वडिलांचा वडील आहे."

"म्हणजे आजोबा झालात. आजोबांचा रकाना नाही."

"आजोबांची तक्रार असली तर?"

"आजोबांना मुलं न्यायला येता येतं," कारकुनाने समजूत काढली.

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. अर्ज त्यांनी उभ्याउभ्या वाचला. वाचता वाचता त्यांची मान ताठ होत गेली. त्यांनी आबांना दंडाला धरून नव्या खेळखोलीच्या दाराशी नेलं आणि वरची पाटी दाखवली. मोठ्या, ठळक, निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आमच्या शाळेत डावं-उजवं केलं जात नाही.'

"वाचलंत? इथे सगळ्यांना सारखी वागणूक. सारखा कागद, सारखी रेघ, सारखी कात्री. आणखी काय हवं?"

आबांनी पाटीत चूक शोधली. सापडली नाही. ते गुपचूप घरी आले.

घरी भिंगरी कोपऱ्यात बसली होती. गिरक्या नाहीत, काही नाही. एक हात तिने पाठीमागे लपवला होता.

"काय आहे गं हातात?"

"काही नाही."

"मग दाखव की."

"नको. हा हात नापास आहे," भिंगरी म्हणाली. "आबा, मोतीसारखा नवा हात मिळतो का दुकानात?"

आबांनी तिला मांडीवर घेतलं. हा हात नापास कुणी केला, हे त्यांना नीट कळलं. शाळेने 'विकसनशील' एवढंच लिहिलं होतं. पुढचं सगळं काम घरी, त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, ते कोट घेऊन शिंपीदादांकडे गेले. "उसवून टाका सगळी बटणं. पुरे झालं." भिंगरी बरोबर होती, हात पाठीमागेच.

शिंपीदादा बटणं उसवायला लागले. बाकावर चिंध्या, खडू, आणि कोपऱ्यात एक छोटी, बोथट टोकांची कात्री पडली होती. खडूची रेघ मारलेल्या चिंधीचा मोह भिंगरीला आवरला नाही. पाठीमागचा हात हळूच पुढे आला.

कर्र, कर्र, कर्र.

आबांनी मान वर केली. चिंधीचे दोन तुकडे झाले होते. अगदी रेघेवरून.

"तुमची कात्री फार धारदार हो," आबा म्हणाले.

"धार कसली? माझी लहानपणची आहे ती. वडिलांनी मुद्दाम करवून घेतली होती. मी डावरा ना." शिंपीदादांनी आपला डावा हात हलवून दाखवला आणि मग भिंगरीकडे बोट केलं. "हिच्यासारखाच."

"ही डावरी? छे! मी रोज समोर बसून शिकवतो. माझ्या उजव्या हाताच्या समोर तिचा..."

"समोर बसून?" शिंपीदादा म्हणाले. "काका, समोर बसल्यावर तुमच्या उजव्या हातापुढे कुठला हात येतो?"

आबांनी आपला उजवा हात उचलला. भिंगरीने, शिकवल्याप्रमाणे, त्याच बाजूचा हात उचलला. आबांनी एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं; उजवीकडचा काना डावीकडे असतो. एकतीस वर्षं उलटं वाचता वाचता आबांना उलटं हेच सरळ दिसायला लागलं होतं.

"उजव्या माणसाची कात्री डाव्या हातात घेतली, की पाती एकमेकांपासून फाकतात," शिंपीदादांनी खुलासा केला. "कागद कापला जात नाही, मधे दुमडतो. मीसुद्धा सहा वर्षांचा होईपर्यंत ढ होतो."

आबा घरी जाऊन गरजले, "पोरगी डावरी आहे हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?" सूनबाई म्हणाल्या. "चित्रं ती डाव्या हातानेच काढते. पण कात्रीतही डावी-उजवी असते, हे मला कुठे माहीत!"

"तुमच्या डोळ्यांसमोर तर होतं हो," आजी म्हणाल्या.

"डोळ्यांसमोर होतं, म्हणूनच तर!" आबा म्हणाले.

उद्घाटनाला आबा शिंपीदादांची कात्री खिशात घालून गेले. कशासाठी, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. खेळखोलीच्या दाराला रुंद गुळगुळीत सॅटिनची फीत लावली होती. मोती नव्या कोटात आला होता; अर्थात बटणं स्वतः लावलेली. तबकात समारंभाची सोनेरी मुठीची कात्री होती. अशा कात्र्या वर्षानुवर्षं मखमलीत झोपून असतात. त्यांना धार लावायचं कुणाच्या मनात येत नाही. शिवाय फीत सैल बांधली होती. हे आबांच्या लक्षात आधीच आलं. कागद कापणं निराळं आणि लोंबणारं सॅटिन कापणं निराळं.

मोतीने कात्री उघडली, मिटली. फीत दुमडली. पुन्हा उघडली, मिटली. पुन्हा दुमडली.

"अंगठा वर, मोती! अंगठा वर!" दातवाले कुजबुजले, आणि ती कुजबुज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

आबांना आनंद झाला. उगाच खोटं कशाला सांगा? चांगला झाला, पोटभर झाला, साधारण दीड ओळभर टिकला. मग मोतीने कात्री तबकात ठेवली आणि उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

ते पाठीमागे जाणं आबांनी ओळखलं.

त्यांच्या आधी भिंगरी उठली होती. रांग मोडून, गिरकी घेत ती मोतीपाशी पोहोचली. "तुझा हात नापास नाहीये," ती म्हणाली. "कात्री नापास आहे."

आबांनी खिशातून कात्री काढली, पुढे जाऊन भिंगरीच्या डाव्या हातात दिली, आणि जे वाक्य म्हणायला त्यांना गेल्या तीन आठवड्यांतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त ताकद लागली, ते म्हणाले, "मोती, तू दोन्ही हातांनी फीत ताणून धर बरं. तुझी पकड पक्की आहे."

मोतीने फीत धरली. अशी ताणली, की चौकट वाकते की काय वाटलं. भिंगरीने जीभ बाहेर काढली.

कर्र.

टाळ्या वाजल्या. दातवालेही वाजवत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते हसत होते, बत्तीसच्या बत्तीस. फोटोत पुढे दोन मुलं आहेत आणि मागे एक आजोबा दाराच्या पाटीकडे हात लांब करून उभे आहेत. ते आबा. लाल पेन्सिलीने त्यांनी 'आमच्या शाळेत डावं-उजवं केलं जात नाही' यातल्या 'नाही'वर काढून टाका अशी वेटोळ्याची खूण केली आणि 'जात'च्या 'त'वर अनुस्वार देऊन 'जातं' केलं. मोठ्या बाई रागावून पुढे आल्या. मग भिंगरीच्या हातातल्या कात्रीकडे त्यांनी एकदा पाहिलं, पाटीकडे एकदा. "तशीच राहू दे," त्या कारकुनाला म्हणाल्या. "आणि सहा डाव्या कात्र्या मागवा. हो, आणि त्या नमुन्यात आजोबांचा रकाना घाला."

आठवडाभर आबा इमारतीत तरंगत चालत होते. भिंगरी परत गिरक्या घेऊ लागली होती. प्रगतिपत्रकात काय यायचं ते येवो, आता आपल्याला कुणाचा हेवा नाही, असं त्यांनी आजींना दोनदा सांगितलं. आजी दोन्ही वेळा नुसतं 'बरं' म्हणाल्या.

आठव्या दिवशी लिफ्ट अडली. दार दातवाल्यांनी धरलं होतं आणि आत मोती बटणं लावत होता. डाव्या हाताने.

"शिंपीदादांकडून एक डावी कात्री आणलीय मीही," दातवाले ओशाळून म्हणाले. "म्हटलं, भिंगरीला येतं तर मोती का मागे राहावा? उजवा तर आहेच. आता दोन्ही."

"घाई नाही," आबा म्हणाले. "चालू द्या." आणि शांतपणे जिन्याने वर आले.

दोन्ही हातांनी! दाराशी चपला काढेपर्यंत ती शांती संपली होती. घरात शिरून त्यांनी खुर्ची ओढली, समोर दुसरी मांडली, मग काहीतरी आठवून ती उचलून आपल्या शेजारी ठेवली.

"भिंगरे," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये बरं. उजवा हात दाखव तुझा."

भिंगरी गिरकी घेत आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने आबांकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे आता काहीही नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "डावं-उजवं करायचं नाही."

आबांनी सवयीने वाक्यात चूक शोधली. सापडली नाही.